वेळेचा कॉलम

२३ मार्च २०२० ला, सोमवारी, दहावीचा भूगोलाचा पेपर होता. बोर्डाचा शेवटचा पेपर, ४० मार्कांचा. मी बरीच वर्षं इतिहास-भूगोल शिकवते आणि भूगोलाचं हे नेहमीचंच आहे, आमचा नंबर सगळ्यात शेवटी, तोवर पोरं दमलेली असतात आणि निम्मं मन सुट्टीत गेलेलं असतं. त्या वर्षी आदल्या दिवशी जनता कर्फ्यू, पेपर पुढं ढकललेला, आणि मग एप्रिलमध्ये कळलं की पेपर होणारच नाही, बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे मार्क देणार. माझ्या वर्गातल्या मुलांना आनंद झाला असेल, मी त्यांना दोष देत नाही. पण वर्षभर ब्राझील आणि भारत शेजारीशेजारी ठेवून शिकवला होता आणि कुणाला काय समजलं हे आता कधीच कळणार नाही, ही रुखरुख मला खूप दिवस पुरली. ऑनलाईन परीक्षेच्या मागं मी जी लागले ती त्या रुखरुखीतून. सरकारी आदेश वगैरे नंतर आले.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. सोलापूरकरांना एवढं पुरतं, बाहेरच्यांसाठी सांगते. हा यंत्रमागांचा भाग, चादरी-टॉवेल इथले, पद्मशाली समाजाची तेलुगू बोलणारी घरं जास्त, वडील मागावर आणि आई घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. मुलं घरात तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू, गल्लीत सगळं मिसळून, आणि माझ्यासमोर आल्यावर पुस्तकातलं मराठी. २०२० साली अशा घरात स्मार्टफोन असला तर एक असायचा, आणि तो वडिलांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात.

मी फुकट मिळणारं एक फॉर्मवालं साधन वापरायला सुरुवात केली. प्रश्न टाकायचे, चार पर्याय द्यायचे, बरोबर उत्तर आधीच सांगून ठेवायचं, लिंक ग्रुपवर टाकायची, झालं. मार्क आपोआप. ऐकायला इतकं सोपं वाटत होतं. पहिल्याच रात्री अडले, कारण माझे सगळे जुने पेपर जुन्या मराठी फॉन्टमध्ये होते आणि ते उचलून तिकडं चिकटवले की मराठी गायब, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. भाच्यानं समजावलं की ते जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठी अक्षरांची चित्रं चढवलेली असतात, फॉन्ट काढला की चित्र उतरतं, आणि युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराचा स्वतःचा नंबर असतो म्हणून ते कुठंही नेलं तरी मराठीच राहतं. मग काय, सगळे प्रश्न परत टाईप करायला बसले, रोज रात्री जेवणं आटपल्यावर दहा-पंधरा. त्याचा एक फायदा असा झाला की स्वतःचे प्रश्न मी कित्येक वर्षांनी शब्दन् शब्द वाचले. काही प्रश्न मी वर्षानुवर्षं जसेच्या तसे विचारत आले होते आणि आता टाईप करताना वाटायचं, हे मी नक्की काय विचारतेय?

एका शब्दात उत्तर लिहा, असे पाच प्रश्न मी मुद्दाम ठेवले होते. नुसतं टिक करण्यापेक्षा मुलांनी लिहावं म्हणून. ब्राझीलच्या उत्तर भागातली सगळ्यात मोठी नदी कोणती? ॲमेझॉन. वर्गात झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. निकाल उघडला तर या प्रश्नाला पंधरावीस मुलांना शून्य. मी घाबरलेच. एकेक उत्तर उघडून बघितलं तर बहुतेकांनी ॲमेझॉनच लिहिलं होतं! झालं असं होतं की ॲ हे अक्षर कीबोर्डवर एक अक्षर म्हणूनही येतं आणि आधी अ टाईप करून त्यावर चंद्र देऊनही येतं, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण आत त्यांचे नंबर वेगळे. हिंदी कीबोर्ड असलेल्यांचं ऍ तिसरंच. शिवाय कुणी अमेझॉन, कुणी अमेझोन, कुणी आमेझान, जसं घरी बोलतात तसं. मशीनकडं मी एकच उत्तर देऊन ठेवलं होतं, त्यात जे अक्षर न् अक्षर बसलं ते बरोबर आणि बाकी सगळं चूक.

मार्क मी हातानं दुरुस्त केले, त्याचं काही नाही. पण त्याच संध्याकाळी एका मुलीचा फोन आला. हुशार मुलगी, कधी उलटून विचारत नाही. म्हणाली, "मॅडम, ॲमेझॉन नाही तर मग कुठली ओ? मी पुस्तक परत वाचले की, दुसरी सापडंना." ती दोन तास पुस्तकात दुसरी नदी शोधत होती. लाल फुली बघून तिला मशीन चुकलं असेल असं वाटलं नव्हतं, आपल्याला जे पक्कं माहीत आहे तेच चुकीचं असणार असं वाटलं होतं. त्या फोननंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला आणि तो आजपर्यंत मोडलेला नाही, की लेखी उत्तरांचा निकाल मी स्वतः बघितल्याशिवाय मुलांना दाखवायचा नाही. सेटिंगमध्ये तशी सोय असते, मार्क लगेच सोडायचे की तपासून नंतर. ती मी तोवर नीट वाचलीच नव्हती.

इतिहासात तर याहून वेगळंच झालं. चार हुतात्म्यांना फाशी कधी झाली, असा प्रश्न होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१, येरवडा. हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. चार पुतळ्याला वळसा घालूनच मुलं लहानाची मोठी होतात. उत्तरं आली ती अशी, कुणी मराठी आकड्यांत, कुणी इंग्रजी आकड्यांत, कुणी मध्ये तिरप्या रेघा मारून, कुणी महिना आधी लिहून, कुणी सालातला १९ गाळून. आणि एकानं लिहिलं होतं, "चार पुतळ्याला हार घालतात त्या दिवशी, सकाळी." मशीनचा शून्य. मी ते उत्तर किती वेळा वाचलं असेल. त्याला तारीख आठवली नसेल पण तो दिवस माहीत होता, तो तिथं उभा राहिलेला होता. मी त्याला पूर्ण मार्क दिले आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तारीखही सांगितली.

आता खरं सांगायचं ते पुढं. निकालाचा जो तक्ता मिळतो त्यात पहिलाच कॉलम वेळेचा असतो, म्हणजे कुणी किती वाजता सबमिट केलं. सुरुवातीला मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, मार्क कुठल्या कॉलममध्ये आहेत तेवढं बघायचे. परीक्षा सकाळी ११ ते १२ ठेवली होती, शाळेत ठेवतो तशी. पहिल्या दोन परीक्षांना वर्गातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं गैरहजर. स्टाफच्या ग्रुपवर सगळ्यांचं हेच, मुलं आळशी झालीत, झोपून राहतात, पालकांचं लक्ष नाही. मलाही थोडंफार तसंच वाटत होतं, हे कबूल करते. तिसऱ्या वेळी मी फॉर्म बंद करायला विसरले, घरात पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघते तर गैरहजर असणारी सगळी मुलं आलेली. रात्री ९.१०. रात्री १०.४०. ११.५२. एक तर पहाटे ५.२०.

मी तो कॉलम वहीत उतरवून काढला, नावासमोर वेळ. आणि मग एकेकाला फोन करत बसले, रागावायला नाही, नुसतं विचारायला. ९.१० वाली म्हणाली पप्पा मागावरून नऊला येतात, फोन त्यांच्याकडं असतो. १०.४० वाल्याचा मोठा भाऊ भाजीची गाडी लावायचा आणि ऑर्डरी फोनवर घ्यायचा. ११.५२ वाल्या दोघी बहिणी होत्या, एक नववीत एक दहावीत, फोन एक, आधी धाकटीचा पेपर मग थोरलीचा, आणि मधे फोन चार्जिंगला. दुपारी आई विड्या द्यायला कारखान्यात जायची तेव्हा घरी लहान भाऊ सांभाळायचा असायचा. पहाटे ५.२० वाल्याचं रिचार्ज संपलं होतं, रोजचा डेटा भावानं रात्रीच संपवलेला, पहाटे शेजारच्यांनी वायफाय दिलं. एक तर म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी पाणी आल्तं की ओ." आमच्याकडं तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि आलं की घरातला प्रत्येक हात नळावर लागतो, त्याला भूगोलाचा पेपर थोपवू शकत नाही.

इतकी वर्षं शिकवून मुलांच्या घरांविषयी मला जे कळलं नव्हतं ते त्या कॉलमनं सांगितलं. शाळेत सगळी एका बेलला येतात, एका बेलला बसतात, म्हणून सगळ्यांचा दिवस सारखाच आहे असं आपण धरून चालतो. तो सारखा नसतोच. मी वेळ बदलली, सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, पूर्ण चोवीस तास. स्टाफमध्ये विरोध झाला, मुलं कॉपी करतील, स्क्रीनशॉट फिरतील. फिरलेच. मग मी पर्यायांचा क्रम मुलागणिक बदलेल असं सेटिंग लावलं, आणि खरा उपाय म्हणजे प्रश्नच बदलले. तुमच्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे, सकाळी आत ऊन कधी येतं, मग डिसेंबरात ते कुठं सरकेल? असं विचारलं की शेजारच्याचं उत्तर चालत नाही. तपासायला वेळ लागायचा, हे मान्य. पण त्या उत्तरांमधून मला अशोक चौकापासून साखर पेठेपर्यंतच्या घरांची दारं दिसायला लागली.

एका मुलाचं मात्र फार वाईट झालं. चाळीसपैकी पस्तीस प्रश्न सोडवले आणि लाईट गेली, घरातलं वायफाय गेलं, पान परत उघडलं तर सगळं कोरं. रात्री साडेदहाला फोन, रडत होता, "सगळं गेलं की ओ मॅडम." मी म्हटलं थांब, पाणी पी, आणि मग फोनवरच त्याला एकेक प्रश्न विचारला. एरवी वर्गात मागच्या बाकावर बसणारा, तोंड न उघडणारा मुलगा, अंधारात बसून मला ब्राझीलच्या अजस्र कड्याबद्दल सांगत होता, वारे अडतात, पलीकडं पर्जन्यछायेचा प्रदेश, तिथं पाऊस कमी. आणि मग स्वतःच म्हणाला, आपलं पण असंच ना मॅडम, सह्याद्री तिकडंच अडवतो. हे मी त्याला कुठल्याही प्रश्नात विचारलं नव्हतं. त्याला लिहायला फार वेळ लागतो, पण बोलायला लागला की तो थांबत नाही, हे मला लाईट गेली म्हणून कळलं.

त्या प्रकारानंतर मी उत्तरं आपोआप सेव्ह होत जातात अशी साधनं शोधायला लागले आणि भाच्यानं मूडल दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास नावाच्या माणसानं ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ ची, कुणीही फुकट वापरावं, बदलावं असं. ते शाळेत बसवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, सर्व्हर कोण सांभाळणार. पण त्यातला परीक्षेनंतरचा अहवाल मी बघितला आणि तो माझ्या डोक्यात बसला. प्रत्येक प्रश्नापुढं दोन आकडे. एक, किती मुलांनी तो बरोबर सोडवला. दुसरा, एकूण पेपरात पुढं असलेल्या मुलांनी तो जास्त बरोबर सोडवला की मागं असलेल्यांनी. ही कल्पना जुनीच आहे, केली नावाच्या अभ्यासकानं १९३९ मध्ये मांडलं होतं की वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घेऊन तुलना करावी. बी.एड.ला हे आम्ही पाठ केलं होतं आणि पेपर लिहून विसरून गेलो होतो. कागदाच्या गठ्ठ्यावर हे करायचं म्हणजे आठवडा जाईल, कोण करतं? पण तक्ता तयार असला की वहीत अर्ध्या तासात होतं. वरची चौदा मुलं, खालची चौदा मुलं, प्रश्नागणिक मोजायचं.

असं मोजताना एक प्रश्न सापडला ज्यात वरची मुलं चुकली होती आणि खालची बरोबर. उलटंच. प्रश्न होता, भारताची वेळ ब्राझीलच्या वेळेपेक्षा किती पुढं आहे? माझं उत्तर साडेआठ तास. वरच्या मुलांनी शेवटचा पर्याय निवडला होता, यापैकी नाही. मी विचारलं का रे, तर एक म्हणाला, मॅडम, ब्राझीलमध्ये तर चार वेळा आहेत, तुम्हीच सांगितलं, मग कुठली धरायची? खरंच होतं. साडेआठ तास हे ब्राझिलियाच्या वेळेला लागू, पूर्ण देशाला नाही. ज्यांनी धडा वरवर वाचला त्यांना साडेआठ आठवलं आणि ज्यांनी नीट वाचला ते अडले. हा प्रश्न मी कागदावर आधीही विचारला होता. तेव्हा कोण कोण असं अडलं असेल आणि मी त्यांचे मार्क कापले असतील, याचा हिशोब आता लागणार नाही. मी त्या सगळ्या वर्गाला सांगितलं की प्रश्न माझा चुकला, तुमचं उत्तर बरोबर. शाळेच्या ग्रुपवर लिहून सांगितलं.

आणि जानेवारीचा प्रश्न. ब्राझीलच्या दक्षिण भागात जानेवारीत कोणता ऋतू असतो? गोल तक्त्यात निम्म्याहून मोठा तुकडा हिवाळ्याचा. मी हे तीन तास शिकवलं होतं, पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला होता, व्हिडिओ पाठवला होता. फोन केल्यावर एक मुलगा जे बोलला त्यात सगळं आलं, जानेवारी म्हणजे गड्डा ना मॅडम, अन् गड्ड्याला थंडी असतेच. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, संक्रांत, गड्ड्यावर फिरताना कानाला बांधलेला रुमाल, त्याच्या अंगात जानेवारी थंडच आहे. त्या वर्षी गड्डा भरलाच नाही तरी त्याच्या मनातला जानेवारी बदलला नव्हता. मग मी शिकवणंच बदललं. म्हटलं, समजा तिकडं गड्डा भरला असता तर लोक काय घालून आले असते? घामानं निथळत आले असते, उसाचा रस पीत फिरले असते, आपल्या एप्रिलसारखं. परत तोच प्रश्न टाकला, तुकडा फिरला.

२०२१ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५०, दहावीच्या वर्षातल्या मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असा हिशोब ठरला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. लोक त्या बॅचला अजून काहीबाही बोलतात, मला ते सहन होत नाही. त्या तीसांपैकी भूगोलाच्या मार्कांत माझ्या त्या फॉर्मांचाही वाटा होता, आणि ते मार्क भरताना मी रात्री ११.५२ आणि पहाटे ५.२० परत एकदा वाचले होते. त्या मुलांनी परीक्षा दिली नाही असं कुणी म्हणू नये.

आता शाळा कधीच नेहमीसारखी झालीय. कागदाचे पेपर आहेत आणि ते हवेतच, नकाशा फोनवर भरता येत नाही, नदी काढताना पेन्सिल कुठं वळवायची हे बोटाला कळावं लागतं. निबंधासारखं उत्तर फोनवर लिहायला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण दर शनिवारी दहा प्रश्न मी अजून टाकते. एक कारण म्हणजे माझ्यासाठी, सोमवारी वर्गात जाताना कुठला प्रश्न घेऊन जायचं ते कळतं. दुसरं कारण मुलांसाठी. यातली बरीच पुढं सायन्सला जातात, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठीची एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवरच होते. तिथं प्रश्नांचे चौकोन, कुठला सोडवला, कुठला नंतर बघायला ठेवला, वरती उलटं पळणारं घड्याळ, हे सगळं पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच बघणारी मुलं मी पाहिलीत. आमचा एक माजी विद्यार्थी बाहेर आल्यावर म्हणाला होता, गणित येत होतं पण पहिली दहा मिनिटं माऊसच हातात बसंना. म्हणून शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये महिन्यातून एकदा पाळीपाळीनं बसवते, एकूण आठ मशीन चालू आहेत, त्यात भागवतो.

गेल्या शनिवारची परीक्षा रविवारी सकाळी उघडली. सवयीनं आधी वेळेचा कॉलम. सगळ्यात शेवटचं नाव ५.४२ ला, नववीतली मुलगी, दहापैकी नऊ. सोमवारी मधल्या सुट्टीत तिला विचारलं, इतक्या पहाटे कशी काय उठलीस गं?

"पाणी आलं होतं मॅडम. पिंप भरेपर्यंत सात प्रश्न झाले. मग नळाचं प्रेशर कमी झालं, तेव्हा उरलेले तीन."

नववा तेवढा चुकला होता. आम्ही दोघींनी तो तिथंच, व्हरांड्यात उभ्या उभ्या बघितला.